महामार्गावरची माझी पाठमोरी जाहिरात

तर मी वाकलेलो, डोकं गुडघ्यांत, चेंडू जमिनीला टेकलेला, आणि फोटोवाला माझ्या मागे मक्याच्या खुंटांत उभा राहून सांगतोय की जरा डावीकडे सरक, ऊन अडतंय.

(नोरीनआत्या, नमस्कार राहिला. तुझा खुबा कसा आहे? रुबार्बचा केक पोचला. मला त्याचा डबा मिळाला. केक खोलीतल्या बाकीच्यांना.)

बाबा तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीत, हे तुला कळलंच असेल. त्यांची बाजू तू ऐकलीस, आता माझी ऐक. कॉलेजच्या खेळाडूंना हल्ली जाहिरातीचे पैसे घेता येतात. आमच्यातल्या देखण्या पोरांना गाड्या मिळाल्या. आपल्या अमेरिकन फुटबॉलमधलं माझं काम तुला ठाऊक आहे: वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा. चार वर्षं अख्ख्या नेब्रास्काने मला पाहिलं ते मागूनच. (आमच्या प्रशिक्षकाच्या घरामागे त्याचं स्वतःचं तळं आहे. तो कधी वाकलेला दिसला नाही.) त्यामुळे माझ्याकडे आला एकटा क्लेम बोहाच, सेप्टिक टँक उपसणारा. म्हणाला, तुला मी परक्या गावातही ओळखीन. मला भरून आलं, म्हणून मी सही केली. पाचशे डॉलर, आणि बाबांची टाकी जन्मभर फुकट उपसून.

फलक कुठे लागणार, हे विचारायचं राहिलं. तो लागला महामार्गाकडेला, बाबांच्या चर्चसमोर.

आता बाबांचं प्रवचनाचं टेबल खिडकीकडे तोंड करून आहे, आणि मंडळी खिडकीकडे पाठ करून बसतात. म्हणजे संयमावर बोलताना वीस फुटांचा मी फक्त त्यांनाच दिसत होतो. दोन रविवार त्यांनी निभावून नेले. तिसऱ्या रविवारी वाक्य अर्ध्यावर थांबलं आणि सगळं चर्च मागे वळलं. त्याच वेळी क्लेमची गाडी फुकटची टाकी उपसायला चर्चशेजारच्या आमच्या अंगणात शिरली. गाडीवरही मीच होतो, दोन्ही बाजूंनी. मिसेस क्रॅट्झ म्हणे इतक्या हसल्या की त्यांना बाहेर न्यावं लागलं.

बाबांचं म्हणणं तुला पाठ आहे. ते याच मैदानावर खेळले, आणि बदल्यात मिळालं ते एक लोकरीचं ब्लँकेट. खेळाचे पैसे घेतले की तो खेळ राहत नाही, म्हणतात. मी म्हटलं, माझ्या नंबरचे शर्ट विद्यापीठ विकतं, मग मी का विकू नये? त्यावर ते शेवटचं बोलले ते एवढंच: "विकायचंच होतं, तर तोंड तरी विकायचं होतंस."

त्यांची माफी मी मागणार नाही. मला काही फरक पडत नाही.

तुझा,
आर्लो

ता. क. शनिवारी घरच्या मैदानावर माझा शेवटचा सामना. आधी शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांचा हात धरून मैदानात चालत येतात. आई नाही. बाबा तुझंच ऐकतात. त्यांना सांग ना. पाचशे डॉलर मी चर्चच्या छपराला देतो, तेही सांग.

ता. क. दुसरा. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी बाबांचा फोन आला. शनिवारी कुठल्या दाराने आत यायचं, ते विचारलं. पूर्वेकडच्या, मी म्हटलं. मैदानात त्यांच्याबरोबर चालताना मी लोकांकडे तोंड करून चालायचं, एवढी अट घातली आणि फोन ठेवला.