वन्संची पंधरा मिनिटं

३ फेब्रुवारी

घरात लष्करी राजवट लागू झाली! सरसेनापती: वन्सं. वय त्रेसष्ट. आजपासून कात्री खिळ्यावर, मीठ गोल बरणीत, साखर चौकोनी डब्यात, कपांचे कान उजवीकडे, खुर्च्या टेबलाच्या पोटात. उचललेली वस्तू जिथल्या तिथे. "मग नाही, आत्ता." ह्यांनी चप्पल वाटेत काढली, तर साठीला टेकलेल्या धाकट्या भावाला परत बोलावून ती कडेला ठेवायला लावली. आणि भाऊ गेला! निमूट!

वन्सं तीस वर्षं मधल्या खोलीत पुस्तकं बांधतात. ग्रंथालयाची कंबर मोडलेली पुस्तकं येतात आणि ताठ मानेने परत जातात. हल्ली रोज दुपारी तीनला दार लावून पंधरा मिनिटं "सराव" चालतो. कसला? तर म्हणे, "अंगाला सवय लावतेय."

मला एकच सवय आहे — मुदत उलटली की संपादकांचा फोन न उचलण्याची. पण वन्संपेक्षा आम्ही काय कमी आहोत? मीही रोज पंधरा मिनिटं या वहीत लिहिणार. न चुकता!

५ फेब्रुवारी

काल चुकलं.

८ फेब्रुवारी

स्तंभ छापून आला. विषय अर्थातच सरसेनापती. "माणसाचं यंत्र व्हायला लागलं की पहिल्यांदा कपाचा कान उजवीकडे वळतो" — हे वाक्य मला फार आवडलं. माझं मलाच!

वन्संनी तो मलाच वाचायला लावला. "तूच वाच गं, तुझ्या तोंडून जास्त बोचतं." पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, कप नीट ठेव."

११ फेब्रुवारी

पंधरा मिनिटांत मावणार नाही. तरी लिहिते.

बैठक रद्द झाली म्हणून तीनच्या सुमाराला घरी आले. मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं. खोलीतला एकुलता एक दिवा लागलेला, आणि वन्सं डोळ्यांवर फडकं बांधून पुस्तक शिवत होत्या.

फडकं! दुहेरी, मागे गाठ मारलेलं. सुईतला दोरा संपला. आता फडकं काढतील असं वाटलं. छे! नवी सुई जिभेच्या टोकावर धरली, दोरा ओठांत घेतला आणि जिभेनेच भोक शोधून आत ओवला. मी चष्मा लावून, दिव्याखाली, तीनदा चुकते. मग पानांची घडी उचलली, अंगठ्याने मधोमध दाबली, आणि सुई बरोबर घडीच्या रेघेतून बाहेर आली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. एकही टाका चाचपडला नाही. खळीच्या वाटीकडे हात गेला तो थेट ब्रशच्या दांड्यावर. त्या हातांना ती खोली पाठ होती.

मी दारातच उभी. किती वेळ कोण जाणे.

"आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा," वन्सं म्हणाल्या. "दारात उभी राहिलीस की वारा अडतो."

मग फडकं सोडलं आणि सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी स्पष्ट सांगितलंय — नजर जाणार, थांबवता येणार नाही. वर्ष म्हणा, कमी म्हणा. भाजी निवडावी तसं सांगत होत्या.

"तेव्हा शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेलं बरं. आत्ता निदान कुठे चुकलं ते बघता येतं."

"ह्यांना सांगायला हवं."

"अजिबात नाही! तो पहिल्याच दिवशी हातातली सुरी काढून घेईल आणि रेडिओ देईल. भला माणूस आहे गं. त्याचीच तर भीती आहे."

मीठ, साखर, कपाचे कान. मी ज्यावर स्तंभ लिहिला ते हे होतं. लेखणी मोडून टाकावी असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. मोडली नाही. चहा केला. वन्संना दिला — कान उजवीकडे.

१२ फेब्रुवारी

ग्रंथालयाची चाळीस पुस्तकं आली. सत्तावीसला द्यायची. त्यांतलं एक वन्सं पहिल्यापासून शेवटपर्यंत न बघता बांधणार आणि बाकीच्यांत मिसळून देणार. ग्रंथपालबाईंना वेगळं काढता आलं नाही, तर काम चालू. आलं तर?

"तर रेडिओ," वन्सं म्हणाल्या.

चाळिसांचीही लेबलं मला दिली. वरचा डावा कोपरा कणभर कातरून दे म्हणाल्या, म्हणजे बोटाला सुलटं-उलटं कळतं. एकासाठी सगळ्यांचे कशाला? "सवय." पुढे विचारायची सोय नाही.

१३ फेब्रुवारी

डोळे मिटून चहा करून पाहिला. कपात निम्मा, बशीत पाव, उरलेला ह्यांच्या वर्तमानपत्रावर. "तुला झोप येतेय का?" म्हणाले. वन्सं आतून इतक्या हसल्या की शेजारच्या बाई डोकावल्या.

१४ फेब्रुवारी

माझ्यामुळे झालं.

सकाळी एक पाकीट फोडायला वन्संची सुरी घेतली. परत ठेवलीही — जागेवर! पण पातं उलट्या बाजूला. पुठ्ठे कापायला बसल्या, हात घातला, आणि तळवा चिरला. अजून एकही पुस्तक शिवून झालं नव्हतं, तोवर टेबलावर रक्त.

हे धावत आले. "ताई, पुरे झालं आता! आयुष्यभर केलंस. आराम कर, मी आहे ना!"

"तू आहेस म्हणून तर काम करते. नाहीतर दिवसभर तुझं बोलणं ऐकावं लागेल."

पण हे हट्टाला पेटले. शेवटी वन्संच म्हणाल्या, "ही चाळीस बिनचूक गेली नाहीत, तर टेबल उचलून दे कुणालाही. तोवर या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही. दोघांनीही!"

दुपारी दाराबाहेरून कबुली दिली — सुरी मी उलटी ठेवली. आतून उत्तर: "माहितेय. स्तंभात लिही."

लिहिते आहे.

१९ फेब्रुवारी

दार बंद. जेवायला येतात, पट्टी बांधलेला हात सांभाळत जेवतात, जातात. आतून दोऱ्याचा सर्र आवाज येतो, लयीत. मी बाहेर बसून लिहिते. त्या आवाजाच्या तालावर दोन पानं झाली, खाडाखोड न करता! संपादक फोन करून विचारतात, तब्येत बरी आहे ना.

२७ फेब्रुवारी

ग्रंथपालबाई आल्या. चष्मा पुसला, एकेक पुस्तक उचललं. उघडून सपाट दाबलं. कणा वाकवला. पुठ्ठ्याची कड नखाने तपासली. हे बाजूला उभे, मी दाराला धरून. वन्सं खुर्चीत, हात मांडीवर, जणू दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा चाललीय.

तेविसावं पुस्तक बाईंनी वेगळं ठेवलं.

"लेबल जरासं तिरकं आहे."

बाईंनी लेबलावरून बोट फिरवलं.

"चालेल हो," बाई म्हणाल्या. "वाचणारे तरी कुठे सरळ बसून वाचतात! हे कोपरे कातरलेत ते मात्र छान दिसतं. पुढच्या महिन्यात साठ पाठवते."

साठ! हे बाईंना सोडायला रस्त्यापर्यंत गेले.

मी वन्संच्या कानाशी: "ते तिरकं होतं तेच ना? न बघता बांधलेलं?"

"ओळखलंस?"

"नाही."

"मग झालं तर."

१ मार्च

साठ पुस्तकांना जागा करायला मधल्या खोलीत गेले. बटण दाबलं, दिवा लागेना. ह्यांना हाक मारली.

"तो होय? ताईचा हात कापला ना, त्याच संध्याकाळी गेला. दाराखालून उजेड दिसेना म्हणून बदलतो म्हटलं, तर आतूनच म्हणाली — राहू दे रे, माझं काही अडत नाही."

त्या खोलीला खिडकी नाही.