लेकीच्या चौकीवरची जाळी

३ फेब्रुवारी
तलवाड्याच्या रस्त्याला डाळिंबाच्या बागेवर पाखरांची जाळी टाकून झाली. साडेतीन एकर. शेवटी माझी नेहमीची परीक्षा, जाळीवर खडा टाकला. टुणकन उडाला. बागवाला म्हणाला, "नाना, तबला केलाव की जाळीचा!" बावीस वर्षं हेच ऐकतोय, तरी दरवेळी बरं वाटतं. कुणी शिकवलं न्हाई. दुसऱ्यांच्या ढिल्या जाळ्या बघून, त्यांना हसत हसत शिकलो.

घरी आलो तर ओट्यावर फौजी पिशवी. मित्रा आली! दहा दिवस सुट्टी. एकुलती लेक, वर्दी घालून सीमेवरच्या चौकीवर उभी असते. तिच्या मायनं केलेल्या चार भाकरी उठवल्या. (पुढं मि. असंच लिहीन. बोटं दुखतात.)

५ फेब्रु.
मि. बागेवर सोबत आली. जाळीखाली उभी राहून लई वेळ वर बघत राहिली. म्हणलं, काय बघती?
"नाना, ही आमच्या चौकीवर बसंल का?"
मग बांधावर बसून सांगितलं. पलीकडून लहान ड्रोन येतात. लग्नात शूटिंगवाला उडवतो त्याहून थोडे मोठे. पोटाला स्फोटक बांधलेलं असतं, छपरावर येऊन आदळतात. मागच्या महिन्यात यांच्या भटारखान्याच्या पत्र्यावर एक आला. मि. पाणी आणायला गेलती म्हणून. तिच्या सोबतिणीच्या पायात तुकडे घुसले.
साहेबांनी सगळ्यांना विचारलंय, मोठं सामान येईल तेव्हा येईल, तोवर हलकं, स्वस्त, आपल्या हातानं बसवता येईल असं कुणाला काही सुचतंय का.
"पत्र्याला लागायच्या आधी वरच अडकला पाहिजे, नाना. बाकी काही नको."
मायला यातलं काही सांगायचं न्हाई असं दोघांचं ठरलं.

६ फेब्रु.
कामाला लागलो. पाखरांची जाळी नाजूक, ती इथं कामाची न्हाई. जाड नायलॉनची घेतली. अंगणातल्या पत्र्याच्या शेडवर बांबूचा सांगाडा.
बायको म्हणाली, "काय चाललंय बापलेकीचं?"
म्हणलं, कबुतरं लई झालीत.
"आपल्यात कबुतरं कधी होती?" असं म्हणून आत गेली.

८ फेब्रु.
जाळी अशी ताणली की खडा हातभर उडाला. छाती फुगली. गावातल्या शूटिंगवाल्यानं मोडका ड्रोन दिला, "न्या काका, मेलेलाच हाय." मि.नं स्फोटकाच्या जागी त्याला पाण्याची पिशवी बांधली. पाण्याच्या टाकीवर चढून खाली फेकला.
चेंडूवाणी उडाला, घरंगळत कडेला गेला अन् धाडकन पत्र्यावर. पिशवी फुटली. दुसऱ्यांदा टाकला तर जाळी मधोमध फाडून सरळ खाली.
मि.नं टाकीवरून उतरून फाटकी जाळी सोडायला घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं.

९ फेब्रु.
नवी जाळी, आणखी ताणली. आणखी लवकर फाटली.
लिंबाजी आला. शाळेपासूनचा जोडीदार, सगळी हयात गोदावरीत मासे धरण्यात गेली. बघून हसायलाच लागला. "गौत्या, काय केलंस बे हे? असं ताणून मी नदीत लावलं तर मासा टक्कर मारून घरला जाईल. ढिलं पाहिजे. घुसू दे त्याला. जितका धडपडंल तितका गुंततो."
म्हणलं, तुझं जाळं पाण्यात, माझं हवेत.
"मग ते यंत्र हवेत पोहतंयच की!"
राग आला. चहा मी विचारला न्हाई. बायकोनं विचारला.

१० फेब्रु.
सकाळी दोर सोडायला गेलो, हात धजंना. बावीस वर्षं ज्याला गचाळ काम म्हणलं तेच आपल्या हातानं करायचं. पण पोरगी खाली उभी होती. सोडले.
लिंबाजीला बोलवायला जायच्या आधीच तो दारात. ढील किती ठेवायची ते त्यानं हातानं दाखवलं. पंजा दाबला की कोपर बुडावं. जाळी खाली येणार म्हणून सांगाडा वर उचलला, पत्र्यापासून चांगला लांब. कडेला दुहेरी दोर.
लिंबाजी म्हणाला, "कड पक्की कर. वाऱ्यानं फाटतं ते कडंला. मधी फाटतं ते कायतरी येऊन पडल्यावरच."
बायको तिथंच गवारीच्या शेंगा मोडत बसलीती.
टाकीवरून टाकला. जाळीनं पोटात घेतला! पंखे दोऱ्यांत गुंतले, तिथंच लोंबकळला. पिशवी शाबूत. पाचदा टाकला, पाचही वेळा तसंच. मि. म्हणाली, खरा जोरात येईल, जाळीत फुटंलही, पण फुटला तर वरच फुटंल, पत्रा लांब. मग लिंबाजीसमोर टाच आपटून कडक सॅलूट ठोकला. म्हातारा असा लाजला की धोतराचा सोगा तोंडाला.
मला सॅलूट न्हाई. मला मिठी.

१३ फेब्रु.
मि. गेली. दोन जाळ्या गुंडाळून गोणीत. गेवराईला एस.टी.त बसवली. कंडक्टर म्हणाला, गोणीत काय हाय? मि. म्हणाली, "माहेरचं हाय." खिडकीतून हात दिसेपर्यंत उभा राहिलो. मग रिकामं रिकामं.

२४ फेब्रु.
फोन. जाळी लागली! एका जुन्या हवालदारानं बघितलं अन् ताणायलाच घेतली, हे काय गबाळं म्हणून. मि. ओरडली. साहेबांनी विचारलं, ढिली कशासाठी? तर म्हणाली, "माझ्या बापानं बावीस वर्षं ताणल्यावर ढिली केलीय, साहेब. हात लावू नका."
हे वाक्य लिहून ठेवतोय. लिंबाजीला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, बस कर बे.

११ मार्च
दुपारी मि.चा फोन. आवाज लांबून येत होता, म्हणून स्पीकर लावला.
"नाना, तशाच आणखी नऊ लागतील. बाजूच्या चौक्यांनी बी मागितल्यात. ढील तेवढीच."
नऊ! म्हणलं, आजच कापायला घेतो.
"अन् आमची एक बदलायची हाय. फाटली."
"कशानं गं?"
"ते फोनवर न्हाई सांगता येत, नाना. मी ठीक हाय. सगळ्याजणी ठीक हाव." फोन कटला.
मागं वळलो तर बायको दारात. किती वेळची उभी होती कुणास ठाऊक. म्हणाली, "मधी फाटली का कडंला?"
तिला सगळं माहीत होतं. गवार मोडत बसलीती तेव्हापासून, का त्याच्याही आधी, कबुतरांपासून.
म्हणलं, विचारायचं राहिलं.
ती आत गेली, सुई-दोरा घेऊन आली, नव्या जाळीचं टोक मांडीवर ओढलं आणि कड शिवायला बसली. मी दुसऱ्या टोकाला. तिनं मधला पट्टाही दुहेरी करायला घेतला. मी अडवलं न्हाई.
आता फोन आला की पहिलं हेच विचारीन. मधी का कडंला?