ट्रेडमिल आणि डिंकाचे लाडू

बाई, आज सकाळी ट्रेडमिलवर मी दांडा धरला. पाचव्या फेरीत दम लागला आणि हात आपोआप बाजूला गेला. लगेच तुमचा आवाज आठवला, "धरूनच पळायचं असेल तर झोपाळ्यावर बस." आमच्या सोसायटीत व्यायामशाळा झाल्याचं सांगायला मी कसब्यातल्या तुमच्या घरी आले होते, तेव्हा तुम्ही हे म्हणाला होतात. आधी विचारलंत, "म्हणजे पाय पळतात आणि बाई तिथेच?" मग मात्र तुमच्यातली खेळाची शिक्षिका जागी झाली. पट्टा किंचित चढाचा ठेव, कारण खोलीत समोरून वारा नसतो, पळणं फार सोपं होतं. चार मिनिटं जोरात पळ, दोन मिनिटं सावकाश, असं सहा वेळा. आणि हात मोकळे. ते यंत्र तुम्ही उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, तरी मी आजही तसंच करते आणि दर हिवाळ्यात माझा दम वाढतो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधी दोनदा इथवर येऊन थांबले, कारण यापुढे मी तुमच्याशी खोटं बोलले ते सांगावं लागतं.

नारायण पेठेतल्या शाळेच्या मैदानावर तुम्ही आम्हाला हिवाळ्यात सकाळी सहाला बोलवायचात. आम्ही मुली स्वेटरात हात कोंबून उभ्या, आणि तुम्ही म्हणताय, "काढा ते. या थंडीसाठी लोक पैसे मोजून महाबळेश्वरला जातात, तुम्हाला फुकट मिळतेय." फेरीत कुणी कोपरा कापला तर तुम्ही सगळ्यांना परत पळवायचात. पण कुणी पोटात दुखतंय म्हटलं की तुमचा चेहरा बदलायचा. मी एकदा कंटाळून तसं म्हटलं, तर तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीत नेऊन तुमच्या थर्मासमधला चहा पाजलात आणि घरापर्यंत सोडायला आलात. दुखण्याच्या बाबतीत तुम्ही कुणाला खोटं ठरवलं नाहीत. हे मी तेव्हा शिकले आणि पुढे बरोबर वापरलं.

तुम्ही गेलात त्या हिवाळ्यात, त्याआधी तुम्ही घरात पडलात आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. तुमच्याकडे राहणारी तुमची भाची सकाळच्या पाळीला लवकर निघायची, आणि सात वाजल्यानंतर तुमच्या गल्लीत दुचाक्यांमधून वाट काढणं धडधाकट माणसालाही जमत नाही. तुम्ही मला फोन केलात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. "सकाळी सहाला येशील का गं? मला आता धरायला कुणीतरी लागतं." मी लगेच हो म्हटलं. चार दिवस आलेही. तुम्ही माझा दंड घट्ट धरून दहा पावलं टाकायचात, थांबायचात, पुन्हा दहा. चौथ्या दिवशी मी मनगटाकडे पाहिलं आणि तुम्ही म्हणालात, "घड्याळ काय बघतेस? मी काही पळून जात नाहीये."

दोन महिन्यांवर माझी दहा किलोमीटरची शर्यत होती. ट्रेडमिलचा आठ आठवड्यांचा तक्ता मी फ्रिजवर लावला होता. सकाळी सहाशिवाय मला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर संध्याकाळ मोकळी होती, पण संध्याकाळी मला आरामात बसायचं असे. पाचव्या दिवशी मी फोन केला. "बाई, खोकला झालाय. तुम्हाला लागायला नको." तुम्ही म्हणालात, "मुळीच येऊ नकोस. आणि त्या मशीनवरही चढू नकोस." दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर स्टीलचा डबा आला. त्यात डिंकाचे लाडू होते. तुम्ही खुर्चीत बसून सांगत होतात आणि ती वळत होती, असं तिनेच मला सांगितलं. बाई, ते लाडू मी रोज एक, ट्रेडमिलवर चढण्याआधी खाल्ले. फार छान ताकद यायची त्यांनी.

तुम्ही दर आठवड्याला फोन करून खोकल्याची चौकशी करत होतात आणि मी "अजून आहे थोडा" म्हणत होते. तुम्ही चालता का, हे मी विचारलं नाही. तुम्ही एकट्या बाहेर पडत नव्हतात, कॉटवरच होतात, हे मला नंतर कळलं. संक्रांतीनंतर न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत तुम्ही गेलात. मी आले असते तर तुम्ही वाचला असतात, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही वयाचंच कारण सांगत होते. पण तो रोजचा अर्धा तास तुमचा होता आणि मी तो एका पट्ट्यावर, जागच्या जागी पळून संपवला. शर्यतीत माझी वेळ आजवरची सर्वांत चांगली आली. याची मला फार लाज वाटते.

डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा डबा परत करायचा नसतो, आणि त्यात काय घालून द्यावं ते मला सुचेना, म्हणून राहिला. हे पत्र घडी करून त्यातच ठेवणार आहे. आता एकच राहिलंय. तुमच्या दहाव्याला मी घरी आले, तेव्हा भाचीने दारातच माझा हात धरला. म्हणाली, "ताई, खोकला बरा आहे का तुमचा? शेवटपर्यंत विचारत होती मावशी." तिथे तरी मला खरं सांगता आलं असतं. मी पदर तोंडाशी नेला आणि तिच्यासमोर दोनदा खोकून दाखवलं.