सायकलच्या पिशवीत देव

तात्या,

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी आपले देव तांदळात ठेवले, पितळी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. तुमची सून पोळ्या लाटत होती. काळेवाडीत खोल्या करून राहणारी कंपन्यांतली किती तरी पोरं आता तिच्या हातचं जेवतात, पण गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे डबे कमी असतात, म्हणून तिला माझ्याकडे बघायला सवड होती. "देवांचं वजन करायला लागलात आता," ती म्हणाली. मी म्हटलं, "डब्याचं करतोय." "मग आत कोण आहे?" मी काट्याचा आकडा वाचला. दोन किलोच्या वर भरलं. मी डबा रुमालात बांधला, सायकलच्या डाव्या पिशवीत तळाशी बसवला आणि निघालो.

तुम्हाला नीट सांगतो. डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितला म्हणून मी गिअरची सायकल घेतली आणि तिचा नाद लागला. महाळुंग्याच्या कंपनीत मी पॅकिंगला आहे; परदेशी जाणारा माल खोक्यात हलू नये, हे बघायचं माझं काम. वर्षभर मनात होतं, एकट्यानं ताम्हिणी उतरून कोकणात जावं, आठेक दिवस किनाऱ्यानं हिंडावं. अशा प्रवासात घाट चढताना प्रत्येक वस्तू पायांना कळते, म्हणून मी पॅकिंगवाल्याच्या हट्टानं सामान निवडत गेलो. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या, पाणी न शिरणाऱ्या हलक्या पिशव्या घेतल्या. टॉवेल अर्धा कापला. आकुर्डीच्या सायकलवाल्यानं तीन कुलुपं पुढ्यात ठेवली: एक यू आकाराचं जाडजूड, एक घडीचं, आणि एक बारीक तारेचं, आकडे जुळवून उघडणारं, मुठीत मावेल एवढं. म्हणाला, "काका, टूरवर हे तारेचं घ्या. हे चोरासाठी नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या मोहासाठी आहे. चहा पिण्यापुरतं. रात्री सायकल खोलीत घ्यायची." मी ते घेतलं. आणि एवढं सगळं वजन वाचवलं कशासाठी, तर तुमच्या डब्याला जागा व्हावी म्हणून.

कारण तुमचं सांगणं. घर बंद असेल तरच देव तांदळात झोपवायचे. घरात माणसं असताना एक दिवसही पूजा चुकायची नाही. आणि, "टाकांना हात घरच्या पोराचा. पोरीबाळींच्या अडचणी असत्यात." तुम्ही गेल्यापासून मी ते पाळलं. कुणाच्या लग्नाला गेलो तरी रात्री घरी परत. ते ओझं वाटलं असं म्हणणार नाही, सकाळचा तो अर्धा तास मला आवडतो. पण कोकणात जायचं तर दोनच वाटा दिसत होत्या. जायचं नाही, नाहीतर देव बरोबर घ्यायचे.

बरोबर घ्यायचं सुचलं तेही तुमच्यामुळेच. माझी दहावी झाली आणि तुम्ही आईला नि मला गावाहून इकडे आणलंत. आम्ही एसटीनं आलो, देव मात्र तुमच्या सायकलवर आले. तोवर दर बुधवारी पाळी सुटली की तुम्ही घाट चढून गावी यायचात, शुक्रवारी पहाटे परतायचात. कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेलं पोतं, सीटखाली गुंडाळलेली ती साखळी आणि किलोभर वजनाचं कुलूप. आपल्या अंगणातसुद्धा तुम्ही साखळी लावायचात. आई म्हणायची, "हितं कोण नेतंय तुमची सायकल?" तुम्ही म्हणायचात, "तिकडं इसरायला नको म्हनून हिकडं बी लावतो." एकदा पोतं मी बांधलं. उंच बांधलं, आणि सायकल तुमच्यासकट चावडीपाशी आडवी झाली. धुळीतून उठून तुम्ही एवढंच बोललात, "वजन खाली घ्यावं, बाळा. वर घेतलं की ते आपल्याला चालवतं." मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

तर त्या गुरुवारी मी देहूरोड, तळेगाव करत जुन्या रस्त्यानं लोणावळ्याकडे निघालो. एक दिवस चालवून बघू, डबा हलतो का ते कळेल. डबा अजिबात हलला नाही. पण वडगावच्या पुढे मला लघवीला लागली आणि तिथं सगळं अडलं. देव घेऊन तिकडे जाता येईना, आणि त्या बारीक तारेच्या भरवशावर देव रस्त्यात सोडून जाता येईना. तसाच कामशेतपर्यंत रेटत गेलो. तिथं एका टपरीवर एक हात सीटवर ठेवून उभ्यानं चहा पीत होतो, तर टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "बसा की भाऊ. सायकल काय पळून जातीया व्हय? का सोनं हाय पिशवीत?"

मी म्हटलं, "देव आहेत."

त्यांनी पदर सावरला, पिशवीला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मग त्यांची राखण तुमी करताय? उलटंच झालं की वो." बाकावरचे दोघे हसले. मला राग आला, पण पोटातली कळ त्याहून मोठी होती. शेवटी मावशींनाच पिशवीपाशी उभं करून मी शेताच्या बांधाआड जाऊन आलो, हातपाय धुतले आणि सायकल घराकडे वळवली. परतताना सारखं मनात येत होतं, तात्या, तुम्ही कसं केलंत? एवढा घाट, एवढं अंतर. वाटेत कुठे थांबलात, सायकल कुणाच्या हवाली केलीत? मी कधी विचारलं नाही आणि तुम्हीही कधी बोलला नाहीत.

संध्याकाळी आकुर्डीला जाऊन मी ते जाड कुलूप आणि किल्लीनं बंद होणारी पेटी मागितली. सायकलवाला बघतच राहिला. "परवा ग्रॅम मोजत होता काका, आज तिजोरी मागताय. ठेवणार काय त्यात?" मी सांगितलं. त्यानं कान खाजवला. मग म्हणाला, "ह्याला माझ्याकडं कुलूप नाही. जे हरवलं तर घरी तोंड दाखवता येणार नाही, ते टूरवर न्यायचंच नाही. मग तारेचं पुरतं." गिऱ्हाईक हातचं सोडून त्यानं मला घरी पाठवलं.

घरी जेवताना मी म्हटलं, जाणं रद्द. तुमची नात समोर होती. तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी झाली. आकुर्डीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते, आणि नाक तुमचं घेतलंय. ती म्हणाली, "मी करते ना पूजा. रोज दारातून बघतेच की." मी तुमचं सांगणं सांगितलं. अडचणींवर आलो तेव्हा माझीच जीभ अडखळली. ती शांतपणे म्हणाली, "त्या दिवसांत आई करेल. झालं?"

"मी? पोळ्या सोडून?" तिची आई म्हणाली. मग ताटात भात वाढत, "चार दिवस उठतील देव उशिरा. त्यांना कुठं अंगठा लावायचाय कंपनीत." आम्ही तिघंही हसलो. पण मी हो म्हणालो नाही. आठवडाभर नाही.

त्या आठवड्यात मात्र मी रोज लेकीला शेजारी बसवून घेतलं. ती टाक उचलायची तेव्हा दोन्ही हातांनी उचलायची, झोपेतल्या बाळाला उचलावं तसं. मी एवढ्या वर्षांत एका हातानं उचलत आलो. गंध ती पातळ करते. मी सांगायला तोंड उघडलं की म्हणते, "वाळतं ते, बाबा."

काल पहाटे निघालो. पिशव्या अडकवल्या, बारीक कुलूप सीटखाली गुंडाळलं आणि फाटकाबाहेर पाय टाकला, तेवढ्यात आतून घंटा वाजली. घाईची नव्हती, आपल्या ठेक्यात वाजत होती. नमस्कार करायचा तर हँडल सोडावं लागलं असतं. मी सोडलं नाही. पायडल मारलं.

खरं तर हे पत्र निघण्याआधी लिहायचं ठरवलं होतं, तुमची परवानगी मागायला. लिहिलं नाही. तुम्ही नको म्हणाला असता आणि मी ऐकलं असतं. आता घाट उतरून माणगावात एका हॉटेलाबाहेर बसलो आहे, सायकल रस्त्यापलीकडे सावलीत आहे, आणि मघापासून मी तिच्याकडे पाहिलेलं नाही. हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही आणि विचारायचंही काही उरलेलं नाही. पूजा तुमच्या नातीच्या हाती देऊन मी निघालो, तात्या.