रॅम्पवरचं टेबल

सोमवार, ३ तारीख
अखेर आमच्या इस्त्रीच्या दुकानापुढे फुटपाथला रॅम्प झाला. नणंदेची चाकांची खुर्ची आता आपली आपण रस्त्यावर उतरेल. दोन वर्षं मी आणि हे तिला रोज खुर्चीसकट उचलत होतो. कंबर गेली माझी. सुटले. ती आज तीनदा उगाच खालीवर करून आली. पोरकटपणा.

बुधवार, ५
मला हाक न मारताच ऑफिसला गेली. मारायला काय जातं? येताना मांडीवर ऑफिसातल्या शर्टांचा गठ्ठा, रोजच्यासारखा. माझी कडक घडी तिथं सगळ्यांना माहीत. हे म्हणतात, तिच्यामुळे देतात. ह्यांना धंद्यातलं काय कळतंय.

शुक्रवार, ७
गठ्ठे वाढले. आत जागा नाही. टेबल रॅम्पवर मांडलं. कलतं म्हणून दोन पायांखाली विटा. झकास बसलं. वारंही लागतं. तिला सांगितलं, जाताना हाक मार, मिनिटात सरकवते. आधी मारतच होतीस ना.

मंगळवार, ११
तिनं हाक मारली तेव्हा माझ्या हाताखाली रेशमी शर्ट. सोडला असता तर जळला असता. थोडी थांबली तर लेटमार्क. तिचा साहेबच खडूस.

गुरुवार, १३
पुन्हा लेट. तिसऱ्यांदा झाला तर येऊच नको म्हणालेत. आवाज न चढवता म्हणाली, "वहिनी, टेबल काढायला दोन मिनिटं लागतात. नोकरी कायम व्हायला आठ दिवस राहिलेत. एवढं करशील?"
म्हटलं, बाई गं, तुझ्यासाठी पाचला उठेन. ठरलं. उद्यापासून ती गेल्यावरच टेबल बाहेर.

शुक्रवार, १४
पाचलाच उठले. एवढा वेळ हाताशी, म्हणून टेबल रॅम्पवर मांडून इस्त्रीला बसले. साडेनऊला टेबलावर पन्नास शर्टांची चवड. हलवलं तर ढासळेल. म्हटलं, उचलते तुला आधीसारखी. हे घरात नव्हते. एकटीनं उचलली, अर्धी. खुर्ची आडवी झाली. तिचं कोपर सोललं. शर्ट मात्र एकही पडला नाही.

सोमवार, १७
नोकरी गेली. समजावलं, आता धावपळ नाही, घरी बस, घड्या घाल. ती बॅग भरत होती. हे तिला मैत्रिणीकडे सोडून आले. तिथं लिफ्ट आहे म्हणे. बंद पडली की कळेल.

सोमवार, २४
आठवडाभर ऑफिसचा एक शर्ट नाही. टेबल आत घेतलं. विटा काढल्या. रॅम्प झाडला. ह्यांना म्हटलं, तिला सांगा, रस्ता मोकळा आहे. हे म्हणाले, तूच सांग.
फोन केला. तिनं कट केला.
एवढा झाडून ठेवलाय मी.