काखेतली बाटली

माननीय न्यायाधीश साहेबांस,

ज्या मुलाला तुम्ही तुरुंगाऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात धाडलंत, त्याचा मी बाप. बसचा ड्रायव्हर. तुमचे उपकार आहेत, म्हणून आज खोटं बोलत नाही.

तो राहायचा घरीच; दर सोमवारी केंद्रात बोलावून त्याची लघवी तपासायचे. पहिल्याच सोमवारी तो माझ्या पाया पडला. "बाबा, आज नापास झालो तर आत टाकतील. एवढ्या वेळेला तुमची द्या." मी दिली. गार लागली तर संशय येतो, म्हणून बाटली काखेत धरून त्याच्याबरोबर केंद्राच्या दारापर्यंत गेलो. पुढे सहा महिने तेच. रिपोर्ट बघून तुम्ही भर कोर्टात म्हणालात, "याचा आदर्श घ्या," आणि खटला निकाली काढलात. माझी मान काय ताठ झाली, साहेब! त्यानंतर नवव्या दिवशी तो संडासात मेलेला सापडला. सुई हातात तशीच.

केंद्रातल्या बाई भेटायला आल्या. मी विचारलं, तेव्हा नापास झाला असता तर? त्या म्हणाल्या, "पहिल्या खेपेला तुरुंग नव्हताच हो काका. औषध वाढवलं असतं, केंद्रातच ठेवून घेतलं असतं."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. केंद्रावरचा तुमचा विश्वास उडेल आणि दुसऱ्यांची पोरं आत जातील. ती तरी जगू देत. माझ्या पोराला तुम्ही कधी तपासलंच नाहीत. सहा महिने मलाच तपासत होतात.

तुमच्या कागदावर व्यसनमुक्त ठरलेला,
त्याचा बाप