वनिताचं बियाणं

८ जून १९८१
माझी विद्यार्थिनी वनिता धापा टाकत आली. मत्स्यबीज केंद्रातलं, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायचं, वर्षाचं प्रशिक्षण मिळालं! आंजी गावातलं तिचं घर माळकरी, अंडंही चालत नाही. तरी वडिलांचा आनंदानं होकार.
"कसं काय गं?"
"बाई, म्या फक्त 'बीज केंद्र' म्हटलं. त्यायले वाटलं कपाशीचं बी."
दोघी पोट धरून हसलो. ती गेल्यावर मात्र वाटलं, त्यांना खरं कळलं तर?

११ जून
वनिताचे वडील स्वतः दारात. हातात सरकीची पिशवी. "घरचं बी हाय बाई. पोरीच्या सायबाले दाखवजा."
गावभर सांगून झालंय, पोरगी बियाण्याची सायबीन होऊन राह्यली! खरं सांगणं जिवावर आलं. चहा दिला, पिशवी ठेवून घेतली. मग कॉलेजात व.ला झापलं: आजच्या आज घरी सांग.

१२ जून
व. आली नाही. करमेना. माझी पहिली बॅच आठवली. सायकलींनी बोर धरण, हिंगणीला भजी, मग पाण्यात उतरून जाळं ओढणं. काय दिवस होते! त्यातला एक आज वनखात्यात आहे, नाव निघालं की छाती फुगते. मुली तेव्हा काठावरूनच बघायच्या. व. पहिली, सलवार खोचून सरळ आत शिरली.
मलाही मुंबईला मासे शिकायला जायचं होतं. माझे वडील, आबा, म्हणाले, "मासोळ्या काऊन?" संपलं. अजून वाईट वाटतं.

१४ जून
बापलेक दोघं आले. व.चे डोळे सुजलेले. तिनं सांगितल्यापासून वडील जेवले नाहीत म्हणे.
"बाई, खरं सांगा. ते माशाचं बी तळ्यात सोडतेत, ते खायासाठीच ना?"
खोटं बोलवेना. "हो."
"पन आधी जगवा लागते, बाबा," व. म्हणाली. "मी जगवाचं शिकाले जातो."
"अन् मंग?"
वडिलांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.
"तिकडची उद्याची गाडी कितीची?"
"सकाळी सातची."
"येतो मी ष्टँडवर. तिले बसवाले येतो का उतरवाले, ते तवाच सांगीन."
मी सहालाच जाऊन उभी राहणार. पोरीनं जावं. जावंच.